मापाची वही

करी रोडच्या पुलाखाली माझं दुकान,
सव्वीस वर्षं. नावानं कुणी हाक मारत नाही,
मास्टर म्हणतात.
समोर रंगाच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्याला जिम झाली, तेव्हा पडद्यांचं काम
माझ्याकडंच आलं होतं.
लावायला गेलो तेव्हा शिडीवर होतो,
म्हणजे माणसांत नव्हतो.

परवा गेलो तो बिनशिडीचा.

डॉक्टर म्हणाले होते, मास्टर, साखर.
इतकंच.
चार दिवस नुसता जिना चढलो,
पहिल्या मजल्यावर शिकवणीच्या पाटीपाशी
चपलेचा अंगठा नीट करत थांबलो,
आणि उतरलो.
पाचव्या दिवशी बाहेर पडणाऱ्या एका पोरानं
दार धरून ठेवलं.
कुणी धरलेल्या दारातून मागं फिरणं
मला जमत नाही.

प्रणित नावाचा ट्रेनर, माझ्या धाकट्याच्या वयाचा.
त्यानं टेप काढली.
गळ्यात आयुष्यभर असते ती,
पोटाभोवती कधी आली नव्हती.
"कंबर बेचाळीस!" तो पार टेबलापर्यंत ओरडला.
तिथल्या मुलीनं लिहून घेतलं,
आणि मला वाटलं, पट्ट्यावर धावणारे सगळे पाय
क्षणभर थांबले.

मी कधी ओरडत नाही.
आकडा मुश्ताकला ओठातल्या ओठात सांगतो.
गिऱ्हाइकानं श्वास आत ओढलेला दिसला
की उकाड्याचं काहीतरी बोलत राहतो
तो सुटेपर्यंत.
खरं माप त्यानंतरचं.

आता श्वास मी ओढून धरला होता
आणि उकाड्याचं कुणीच बोलत नव्हतं.

चारी भिंतींना आरसे.
दुकानात एकच आहे, गिऱ्हाइकाकडं तोंड केलेला,
त्यात मी मागं, गुडघ्यावर, तोंडात टाचण्या.
इथं मी पुढं.
टी-शर्ट मुलाचा, कसल्याशा कॉलेज-महोत्सवाचं नाव
नेमकं पोटावर ताणलेलं.

लाजून नजर चोरली,
तर ती सवयीनं जाऊन बसली मापांवर.
बेंचवरचा रेडकर: छाती शेहेचाळीस,
उजवा खांदा डाव्याहून अर्धा इंच उतरलेला,
लग्नाच्या कोटात कापूस मीच भरला.
दोरीवर उड्या मारणाऱ्या नाबर मॅडम:
बाही कायम कोपराखाली, दंडावर भाजल्याचा डाग आहे.
इथं बाहीच नव्हती.
डाग उघडा, घामानं चकाकणारा.
मी पटकन दुसरीकडं पाहिलं,
मग माझीच मला लाज वाटली,
त्यांनी कुठं झाकला होता?

चेहऱ्यांपेक्षा मी सगळ्यांना पानांवरून ओळखत होतो.
नीट सरळ अंग एकही नाही.
सव्वीस वर्षांत एकही आलं नाही.

"मास्टर? तुम्ही इथं?" रेडकर.
"बिगारीत घातलंय," म्हटलं.
तो हसला, उठला,
आणि बेंचवरचा आपला ओला टॉवेल उचलून
जागा करून दिली.

पाच-पाच किलोची दोन डंबेल्स.
उजवा सहज वर गेला,
कोळशाच्या इस्त्रीनं त्याला कधीच तयार केलेलं.
डावा,
ज्यानं आयुष्यभर कापड नुसतं धरून ठेवलं,
तिसऱ्याला थरथरला,
पाचव्याला सुटलाच. धाडकन आवाज.
कुणी पाहिलं असेल, नसेल.
मी वाकून ते परत उचलण्यात होतो.

"डाव्यापासूनच सुरू करू," प्रणित म्हणाला,
या वेळी हळू.

रात्री शटर अर्धं ओढून वही काढली.
इतक्या वह्या भरल्या, माझं पान कशातच नाही.
कंबर बेचाळीस.
दंड उजवा साडेतेरा, डावा बारा.
तारीख. आणि खाली, सगळ्यांना लिहितो तेच:
शिवणीत कापड जास्त सोडणे.

"कुणाचं हो?" मुश्ताकनं काज करता करता विचारलं.
नवीन गिऱ्हाईक आहे, म्हटलं,
उद्या सकाळी सहाला
ट्रायलला यायचंय.