तिसरा गिअर

जिंतूरच्या अलीकडच्या चढाला तिसरा टिकत नाही
हे नऊ वर्षांपासून माहीत होतं
मला, अनुसयेला,
आणि मागं दोरीनं आवळलेल्या घागरी-परातींना.
गिअर निसटला की त्या सगळ्या एकदम बोलायच्या.

आधीच्या मालकानं सायकलची ट्यूब कापून
दांडीला वेढा मारून दिला होता.
"एवढं बांधून घेत जा," म्हणाला किल्ली देताना,
जसं कुणी म्हैस विकताना सांगावं :
गरीब आहे हो, फक्त डाव्या अंगाला बसू नका.

ट्यूब उन्हानं विरली.
मग अनुसयेचा हात आला.
बाजार बोरीचा असो की चारठाण्याचा,
ही मधे बसायची पाय एकीकडं घेऊन,
मी तिसरा टाकला की तिचा तळवा दांडीवर.
चढ संपेस्तोवर काढायची नाही.
त्याच हातानं भावावर बोलायची,
त्याच हातानं बायांनी आणलेली मोड तोलायची,
आणि रात्री भाकरी थापताना म्हणायची,
"हात अजून घरघरायलाय बघा."

आम्ही हसायचो. गाडी चालत होती ना.

औंदा मनगट सुजलं. डॉक्टरनं पट्टा बांधला,
महिनाभर ताण नको म्हणाला.
म्हणून गाडी गॅरेजला.

मुंतजीब मिस्त्रीनं लगेच पाना घेतला नाही.
"पहिले सुनने देव," म्हणाला,
आणि शेजारी बसून दोन किलोमीटर
डोळे मिटून आला, झोपल्यासारखा.
उतरल्यावर फक्त व्यंक्याला खूण केली :
जॅक, लाकडी ठोकळे, पसरट घमेलं.

शाफ्ट सुटला. गिअरबॉक्स पोटावर घेऊन व्यंक्या
गाडीखालून सरकत बाहेर आला.
घमेल्यात काळं तेल, वर चमचम.
खालच्या बोल्टच्या चुंबकाला
लोखंडाचं मिसरूड फुटलेलं.
"बदललं कधी होतं?" मिस्त्रीनं विचारलं.
मी रस्त्याकडं बघितलं.

झाकण उघडलं.
दात टोकदार असावेत, तर चिंचोक्यांसारखे गुळगुळीत.
पितळी रिंग खाऊन गेलेली.
ती अनुसयेनं डाव्या हातात घेतली,
सवयीनं तोलली : "पावशेर नाही भरायची.
पण पितळ चांगलं आहे. मोडीत धरू?"
मिस्त्री पहिल्यांदा हसला.

मग त्यानं तळहातावर धरली
बोराच्या बीएवढी एक गोळी
आणि तिच्यामागची स्प्रिंग, दबून मेलेली.
"ही गोळी खाचेत बसती. स्प्रिंग तिला दाबून धरती.
म्हणून गिअर जागेवर राहतो."
अनुसया बघत राहिली.
"म्हणजे मी जे करायची ते..."
"हाव ताई. हिचंच काम."
"कितीची असती?"
"पस्तीस रुपये."

कुणी काही बोललं नाही.
व्यंक्या उगाच डिझेलमधे बेअरिंग हलवत बसला.

बाकीचं बिल मोठं होतं. रिंग, बेअरिंग, सील,
जुन्या बाजारातून शोधून आणलेला तिसऱ्याचा गिअर,
तीन दिवसांची मजुरी,
नव्वद नंबरचं तेल, भोकातून पाझरेपर्यंत.
त्यातली मोडीची रक्कम वजा करायला तिनं लावलीच.

चौथ्या दिवशी भांडी भरून निघालो.
चढ आला. तिसरा टाकला.
लोण्यात सुरी जावी तसा गेला, बसला.
तिचा पट्ट्यातला हात निघाला होता,
अर्ध्यात थांबला,
दांडीच्या वर, हवेत,
ओळखीच्या दारात कुलूप दिसल्यासारखा.
मांडीवर परत आला. पदराशी चाळा केला.
एकदा काचेवरची धूळ पुसली, गरज नसताना.

मागं घागरी गप्प.
मला काहीतरी म्हणायचं होतं,
नऊ वर्षांचं, पस्तीस रुपयांचं.
घसा खाकरला. चढ संपला.

"आता काय बघायलात माझ्याकडं," ती म्हणाली,
"चौथा टाका."