तीस सेकंद

ओउलूला फेब्रुवारीत उजाडायला नऊ वाजतात.
तुओवी सातलाच येऊन बसलेली,
बूट रेडिएटरखाली, पायांत लोकरीचे मोजे,
काळ्या पडद्यावर एकाच डिस्कची तक्रार
चौदाव्यांदा.

लिही म्हटलं. उत्तर नाही.
कर्नल तीस सेकंद थांबतो.
पुन्हा हाक मारतो.
दुवा तोडून नव्याने जोडतो,
मग वेग निम्मा करतो,
कमी ऐकू येणाऱ्याशी बोलावं तसं
शब्द सुटे सुटे करून.
पाचव्यांदाही ओ आली नाही
की एक ओळ लिहितो
आणि तिचं नाव हजेरीतून काढतो.

हे तीस कुणी ठरवले?
कोडमध्ये नुसता आकडा.
इतिहास उकरला तर एक नाव: आर्मास लेह्तोवारा,
निवृत्त. आता गोठलेल्या तळ्यावर
भोक पाडून मासे धरतो.

फोन खूप वेळ वाजला.
ती ठेवणार, तेवढ्यात—

"केमीच्या कागद गिरणीत एक डिस्क होती.
थंडीत फिरायला लागेपर्यंत बावीस सेकंद.
घड्याळ हातात धरून मोजलेत."
आणि वरचे आठ?
तिकडे वारा. नाक ओढल्याचा आवाज.
"ते माझ्या भित्रेपणाचे.
मेली म्हणून लिहायचं
आणि ती मागून उठून बसायची.
मग तिच्या तोंडाकडे बघवत नाही."

तिने नाही सांगितलं,
की हल्ली तीस सेकंदांत
दाराशी हजारो कामं तिष्ठतात;
की त्यांत अशीही पानं असतात
ज्यांना 'पोचलीस' म्हणून सांगून झालंय
आणि जी पोचलेली नाहीत;
की ती चूक एकदाच सांगितली जाते,
आणि तेव्हा ऐकणारा बाहेर गेलेला असला
तर पान कोरं करकरीत, निर्दोष.

तळघरात उतरून तिने खण ओढला.
डिस्क गुणगुणत होती, कोमट,
मांजराच्या पोटासारखी.
वायरीची खिट्टी तुटलेली. नखभर फट.
अंगठ्याने दाबली. टक्.

चौदा वेळा आपण
मुक्याच्या नावाने बोटं मोडली,
आणि रस्ताच खचलेला होता.

वर येऊन तिने लिहिलं:
आधी वायरीला विचार, मग डिस्कला.
आकडा खाली आणायचा बदल
तयार होता, तो तसाच ठेवला.
फक्त तीसच्या शेजारी टीप घातली:
बावीस केमीचे, आठ आर्मासचे.

संध्याकाळी त्याचा निरोप:
मासा नाही लागला.
उद्या परत बसतो.