बाई चुकतात

नार्वाच्या शाळेतलं हे माझं तिसावं वर्ष,
आणि माझ्या कपाटांनी भाषा बदलली.
सप्टेंबरात दोन माणसं खोकी घेऊन आली,
जुनी रशियन पुस्तकं तळघरात गेली.
सगळी नाही. दोन माझ्या पिशवीत,
बटाट्यांच्या खाली.

यंदा पहिलीला सगळं एस्टोनियनमधून.
बेरीजही, गाणंही, ओरडाही.
परिपत्रक म्हणतं, नाताळपर्यंत तीनशे शब्द.
भिंतीवर तक्ता, तक्त्यात नावं,
शब्द आला की नावापुढे हिरवी टिकली.

तीनशे!
एका रात्री मी माझेच मोजायला बसले,
गॅसच्या बिलाच्या पाठीवर.
पाव. रांग. सही. माफ करा.
शिक्का कुठे मिळेल? पुढच्या मंगळवारी या.
छप्पन्न वर्षं या गावात काढून
मी जमवलेले सगळे शब्द
कुठल्या ना कुठल्या खिडकीबाहेर उभं राहण्याचे.
त्यांत एकही प्राणी नव्हता.
एक शिवी होती, तीही सौम्य.

म्हणून बुधवारी शेवटच्या तासाला
मी तक्त्याकडे पाठ करून बसते
आणि अस्वलाची गोष्ट काढते.
अस्वलाची रात्र हरवलीय.
थंडी आली, झोपायचंय,
पण अंगावर ओढायला रात्रच नाही.
ते घुबडाला विचारतं, बेकरीवालीला विचारतं,
पुलावरच्या शिपायाला विचारतं.
शिपाई म्हणतो, कागद दाखव.
(हे पुस्तकात नाही. हे मला न अडखळता येणारं वाक्य आहे.)

आता पंचाईत अशी, की या भाषेत
रात्र म्हणजे नुसता एक लांब स्वर.
व्यंजन नाही, धरायला कड नाही,
धड ओ नाही, धड ए नाही.
मी म्हणते, आणि वीस मुलं खिदळतात.
‘रिम्मा अर्काद्येव्ना, ओठ असे करा,
गरम सूप फुंकतो तसे,’ उल्याना सांगते,
पडलेल्या दाताच्या फटीतून, अगदी गंभीरपणे.
मी फुंकते. पुन्हा चुकते.
मग अख्खा वर्ग मला रात्र शिकवायला उठतो,
आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही
हा तास कुठल्या भाषेत चाललाय ते.

येलिसेय उठत नाही.
सप्टेंबरपासून मूग गिळून बसलाय.
त्याच्या नावापुढे एक टिकली नाही.

बाराव्या पानावर रात्र सापडते:
कोळ्याच्या जाळ्यात, काळी, ओलीचिंब, माशांसकट.
मी वाचते, जाळं.
येलिसेय पुढे येतो, चित्रावर बोट टेकवतो.
‘मोर्द.’
नाही रे, मी म्हणते, इथे लिहिलंय बघ…
‘मोर्द!’ या वेळी माझ्यावर वैतागून.
आणि हातांनी दाखवतो:
तोंड रुंद, मग निमुळतं होत गेलेलं,
मासा आत जातो, त्याला परतायची वाट दिसत नाही.
त्याचा मामा नदीत तसलंच लावतो म्हणे,
वामेसारख्या लांबट माशांसाठी.
एवढं तो सगळं बोलतो. अर्धं या भाषेत, अर्धं त्या.

शब्दकोश उघडला. शब्द होता.
ते पान अजून चिकटलेलंच होतं शेजारच्या पानाला.
तीनशेंच्या यादीत मात्र नव्हता.
मुख्याध्यापिका म्हणाल्या,
यादीबाहेरच्या शब्दाला टिकली देता येत नाही.
बरोबर आहे त्यांचं. त्यांना वर हिशेब द्यायचाय.

चार वाजता बाहेर मिट्ट काळोख.
बसथांब्यावर मी ओठांचा चंबू करते
आणि सूप फुंकते.
वाफ निघते, दिव्याखाली जराशी थांबते.
शेजारचा माणूस
थोडा सरकून उभा राहतो.