इतिवृत्त

ग्रामसभेचं इतिवृत्त मी लिहिते.
कौडगव्हाण, तालुका जिंतूर, शाळेचा व्हरांडा.
कोरम कसाबसा भरलेला,
त्यातले तिघे नुसते पंख्याखाली बसायला आलेले.

विषय क्रमांक चार: पाणीपुरवठ्याची विहीर.
कागदावर ती पंचेचाळीस फूट खोल गेली आहे.
रानात एक खड्डा आहे,
त्यात बाभूळ वाढतेय.

सुदर्शन कच्छवे उठला.
कंपनी बंद पडल्यावर चाकणहून परत आलेला.
हातात मोबाईल, मोबाईलमध्ये खर्चाचा तक्ता.
त्याने विचारलं, सात लाख कुठं गेले?
इथपर्यंत मी शब्दाला शब्द लिहिलं.

मुंजाजी रेंगे म्हणाले,
"तुझ्या बापाला म्या शाळंत घातलं. बस खाली."
सुदर्शन म्हणाला,
"तू बस, म्हताऱ्या. गवऱ्या मसणात गेल्या तुझ्या,
खुर्ची काय संगं न्हेतूस?"

मागची पोरं हसली. शिट्टी वाजली.
बायकांच्या बाजूने कुणी 'अगं बाई' म्हणालं
आणि पदराआड तेही हसलं.
माझं पेन थांबलं.
चर्चा थोडक्यात नोंदवावी, असं नियमात आहे.
थोडक्यात म्हणजे केवढी?
'तू' थोडक्यात कसा लिहायचा?
मी लिहिलं:
सदस्यांमध्ये चर्चा झाली. उत्तर प्राप्त झाले नाही.
विषय पुढील सभेत घेण्यात येईल.

मला, खरं सांगते, त्या पोराचा राग आला
आणि त्याच्या प्रश्नाचा आला नाही.
माझ्या वडिलांना कुणी असं बोललं असतं तर
मी पेन टाकून उठले असते.
पण माझ्या वडिलांनी कुणाची विहीर गिळली नव्हती.
मला माहीत आहे तेवढं तरी.

दुसऱ्या दिवशी मुंजाजी आले,
दस्तीने मान पुसत.
"वाचा म्याडम, काय लिव्हलंय."
वाचलं.
"म्हतारा न्हाई लिव्हलं?"
"नाही."
"लिव्हायला पायजे व्हतं."

मग कपाटाकडे बघत बसले.
खालच्या कप्प्यात उर्दूतली जुनी दफ्तरं आहेत,
गावात ती कुणालाच वाचता येत नाहीत,
वाळवीनेही अर्ध्यात सोडलेली.
"लिंबाजी पाटील उर्दूत सही करायचे," ते म्हणाले.
"मी तीस वर्षांचा. भर चावडीत म्हणलो,
तुमचं राज गेलं, तुमची लिपी गेली,
तुम्ही कामून ऱ्हायलाव?
लई टाळ्या पडल्या."
"मग?"
"बराबर है, म्हणले, अन् उठले.
पायतान घालायला बी थांबले न्हाईत.
त्यांच्या जाग्यावर मी बसलो.
जागा गरम व्हती अजून."

विहिरीचं मी विचारलं.
त्यांना ऐकू कमी येतं,
खरंच की सोयीने
हे मला चार वर्षांत कळलेलं नाही.
सही केली, मराठीत, ठळक,
'रें'वरचा अनुस्वार कागद फुटेस्तोवर दाबून.
दारात थांबले. "पोरगं हुशार हाय," म्हणाले.
"पर..."
आणि तो पर तिथेच उंबऱ्यावर ठेवून गेले.

दुपारी सुदर्शन आला.
माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं तिकीट चिकटवून.
झेरॉक्स निघेपर्यंत
टेबलावरचा शिक्का उलटसुलट करत राहिला.
"काका आलते का?"
"कोण काका?"
"मुंजाकाका," तो म्हणाला,
आणि लगेच मोबाईलमध्ये बघायला लागला,
जणू ते नाव खोलीत
तिसऱ्याच कुणीतरी घेतलं होतं.