चिठ्ठी नसलेल्या दोन बाटल्या

एप्रिलात अमळनेरला वीज गेली की
इनक्यूबेटरच्या आत आणि बाहेर यांत फरक उरत नसे.
उखर्डू कोळी, आमचा लॅब अटेंडंट,
पारोळा रोडवरून टोपलीभर अंडी आणायचा,
प्रत्येकावर पेन्सिलीनं तास लिहायचा:
चोवीस, तेहतीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर.
शाळा चौथीपर्यंत. आकडा कधी चुकला नाही.

मी मुलांना सांगायचो,
फार मागे एका ग्रीक माणसानं कोंबडीखालून
रोज एक अंडं काढून फोडलं.
चौथ्या दिवशी त्याला रक्ताचा ठिपका दिसला,
उड्या मारणारा.
त्याच्याकडे भिंग नव्हतं.
भिंग यायला दोन हजार वर्षं गेली,
आणि भिंगामागोमाग भांडण.
एक म्हणाले, सगळं आत आधीच आहे,
केळीच्या पोंग्यासारखं गुंडाळून ठेवलेलं,
फक्त उलगडायचं.
दुसरे म्हणाले, आत काही नाही,
होत जातं.

मुलं वहीतून वर बघत नसत.
मग मी खापराचं काढायचो:
पुरणाच्या गोळ्यात पोळी कुठं असते रे?
तुमची आई ती मनगटांवर फिरवते,
थरावर थर पसरत जातो
आणि उलट्या खापरावर पडेस्तोवर
पोळी नसतेच.
आता माना वर.
सावद्याची एक मुलगी म्हणाली,
सर, पण पोंगाही कधीतरी नव्हताच ना?
मी खडू ठेवला.

त्या वर्षी कसरीनं कपाटातल्या चिठ्ठ्यांची खळ खाल्ली.
दोन बाटल्या निनावी झाल्या.
स्पिरिटात वाकलेले, नखाएवढे दोन जीव,
काळा डोळा, शेपूट, गळ्याशी चिरा.
सरडा? कोंबडी? उंदीर?
वीस वर्षं शिकवून मला सांगता येईना.
लाज झाकायला मी उखर्डूला म्हणालो,
एका मोठ्या पंडिताचंही असंच झालं होतं,
दोन नमुन्यांवर नाव लिहायचं राहिलं
आणि ते कोणाचे, हे त्यालाही कळेना.
त्यानं तसं छापून टाकलं.

उखर्डू भिंगावर वाकला. बराच वेळ.
त्याचे आजे तापीत जाळं टाकायचे.
"हाऊ ते मासा शे."
दुसरी बाटली.
"हाऊ बी."
मग न बघताच, "आपुन बी?"
मासा नाही, म्हटलं. माशाच्या गर्भासारखे.
थोडे दिवस.

तेव्हा त्यानं नावाचं सांगितलं.
मायची चार गेली आधी,
दोन तर दिवस भरायच्या आत,
बोरीच्या काठी, फडक्यात.
पाचव्याला उकिरड्यावर ठेवलं
आणि सूपभर ज्वारी देऊन परत घेतलं,
म्हणजे वरच्याला वाटावं, टाकलेलंच आहे.
"माले नाव भेटनं," तो म्हणाला,
"त्यासले नई."
आणि फडकं घेऊन टेबल पुसायला लागला.

मी म्हटलं होतं, त्या बाटल्या टाकून दे.

तो निवृत्त झाल्यावर कपाट लावताना सापडल्या,
मागच्या फळीवर, स्पिरिट काठोकाठ.
चिठ्ठी बाहेर नाही, आत,
कसरीला पोचता येणार नाही अशी:
कोन्हा तरी शे.
खाली तारीख.
पेन्सिलीनं.
शाई स्पिरिटात विरघळते,
हे मी त्याला कधी शिकवलेलं आठवत नाही.