वासना वस्तुंदा?

नवी पेठेत दुकानदार सगळे दिवे एकदम लावून ठेवतो
आणि आपल्याला वाटतं, घरीही असंच दिसणार.
घरी एक खोली, एक पंखा,
भिंतीला पोपटी रंग, तोही मागच्याच्या मागच्या दसऱ्याचा.

मला दिवा हवा होता तंबाखूवरचा.
म्हणजे सूप मांडीवर घेऊन वळता वळता
पडद्यात, उशीत, पोरीच्या दप्तरातसुद्धा शिरलेला जो वास,
त्याच्यावरचा.
डोकेदुखीवरची गोळी मागतात तसा मी मागितला
आणि मागताना जीभ घरचीच राहिली:
"यातली कुठली वासना चांगली?"
गल्ल्यावरचा पोरगा वहीत तोंड घालून हसला.

अरे, आमच्या तेलुगूत वासना म्हणजे नुसता वास.
तुमच्याकडे येऊन तिचं काय काय झालं
ते मलाही कळतं, सातवीपर्यंत इथंच शिकले मी.

काचेचा, मोरपंखी. हात लावला तर चटका.
तारेचा, बदामी. भोकाभोकांत धूळ, पुसणार कोण?
पितळी होता एक. किंमत ऐकली
आणि आवाज न करता परत ठेवला.
मग मातीचा, जाळीचा,
वर वाटी, आत पंधरा वॅटचा पिवळा बल्ब.

नरसय्यांनी तो उचलला.
नाक त्यांचं रंगखात्यात गेलं,
एकोणीस वर्षं वाफेच्या हौदावर वाकून.
गिरणी बंद पडली तेव्हा हिशोबात
नाकाचे पैसे कुणी धरले नाहीत.
तरी दुकानात त्यांनी एकेक बाटली हुंगली,
जाणत्यासारखी मान हलवली,
दिवा लावायला सांगितला
आणि दिव्याकडे न बघता मागच्या भिंतीकडे बघत राहिले.
"हाच घे. उजेड बरा विणतोय."

आधी पाणी, मग तेल. तीनच थेंब.
पाणी आटायच्या आत बंद करायचा,
नाहीतर वाटी करपते आणि खोलीला चढतो जळका वास.
पडद्यापासून हातभर लांब.
एवढं सगळं त्या हसऱ्या पोरानंच सांगितलं,
त्याचं लग्न होवो.

पहिल्या संध्याकाळी मोगरा.
तंबाखू काही उठली नाही.
एसटीत बाई जरा सरकून जागा देते
तशी सरकली, मोगरा कडेला टेकला.
"वासना वस्तुंदा?" मी विचारलं.
"वस्तुंदी," ते म्हणाले. येतोय की.
भिंतीवर पिवळी नक्षी, त्यांच्या बनियनवर थोडी.

मग रोज सांगायची सवय लागली.
मोगरा म्हणजे लग्नात आपल्या मागच्या रांगेतल्या बायका.
चंदन म्हणजे मे महिन्यात दुपारी उघडलेलं कपाट.
लॅव्हेंडर?
काय की हो. साबण. पैसेवाल्यांचा साबण.
ते हसायचे. शेजारचा माग थांबलेला असला
तर हसू ऐकूही यायचं.

श्रावणात कारखान्यानं निम्म्या विड्या छाट काढल्या.
पत्ती ओली म्हणे.
त्याच आठवड्यात तेल संपलं.
मी काही बोलले नाही.
नुसतं पाणी ओतलं, दिवा लावला.
"वस्तुंदा?"
"वस्तुंदी. आज चंदन ना?"
"हो, चंदन."
असे चार दिवस.

पाचव्या दिवशी कोनाड्यात बघते
तर रिकामी बाटली उपडी ठेवलेली,
धुऊन, निथळत.
मी धुतली नव्हती.

आजही वाटीत पाणी ओतते
आणि वर बाटली धरल्यासारखा हात
तीनदा झटकते.
ते मोजतात.
दुसऱ्यानंतर जरा थांबले
तर म्हणतात, "अजून एक राहिला."