चाळीस रुपयांची फौज

बुधवारच्या बाजारात, गोदाघाटावर,
चहाच्या गाळण्या आणि फण्या-कंगव्यांच्या मधे
ती पिशवी लटकलेली असते :
साठ सैनिक, चाळीस रुपये.
सगळे हिरवे, सगळे एकाच चेहऱ्याचे,
म्हणजे चेहरा नसलेलेच.

मी सातपूरला मोल्डिंगवर. बावीस वर्षं
बादल्यांची झाकणं काढतोय.
त्यामुळे पिशवी हातात घेतली की कळतं,
डाय झिजलीये, दोन भाग नीट मिटत नाहीत,
म्हणून प्रत्येकाच्या कानापासून टाचेपर्यंत
ही पापुद्र्याची शिवण.
कुठल्यातरी शेडमध्ये तिसऱ्या पाळीला
कुणीतरी मशीनवर पेंगत होतं,
आणि हात वर केलेला हा एक शिपाई
अर्ध्याच पंजानिशी बाहेर पडला.
कंपनीत मी असा माल परत दळायला टाकतो.
ह्याला नाही टाकत.

आधी भांड्यांच्या साबणाने आंघोळ,
साच्याचं तेल गेल्याशिवाय रंग धरत नाही.
मग ब्लेड.
रायफल मधोमध कापायची,
तिथे तापवलेली टाचणी खुपसली की भाला.
शर्टाच्या बटणाची ढाल.
हेल्मेटभोवती एम-सीलची वळकटी,
ओली आहे तोवर सुईने पेच ओढले
की परदेशी शिपायाचं होतं पागोटं.
वाकलेल्याला उकळत्या पाण्यात बुडवायचा,
सरळ करून लगेच माठातल्या.
बायको म्हणते, एवढ्यात शेवया झाल्या असत्या.

मऊ प्लास्टिकवर रंगाचे पोपडे निघतात,
आधी पातळ फेविकॉलचा हात द्यावा लागतो.
हे मला कुणी शिकवलं नाही.
पहिली तुकडी गडावरच सोलून निघाली.

डोळे काढत नाही मी.
शेवटी फक्त तपकिरी पाणी सोडतो, कोऱ्या चहाइतकं पातळ.
ते आपलं आपण जाऊन बसतं
भुवयांखाली, नाकाच्या कडेला, ओठांच्या फटीत,
आणि माणूस जागा होतो.

फ्रिजच्या थर्माकोलचा रामशेज.
गडावर तोफा नव्हत्या, म्हणून
लाकडाच्या करून वर चामडं चढवलं, असं सांगतात.
मी बॉलपेनच्या नळ्यांच्या केल्या.
खोट्याचं खोटं; पण खाली वेढा घालून बसलेत
ते तिदमे, तोफखान्यातले निवृत्त हवालदार,
त्यांना विचारा. पट्टी न लावता अंतर सांगतात,
आणि दर रविवारी माझ्या बॉलपेनांना भिऊन
दोन बोटं मागे सरतात.

त्यांचा डावा कान देवळालीतच राहिला.
फासा त्या बाजूला पडला तर कळत नाही.
पण परवा खिडकीची काच थरथरली,
त्यांनी तळहात टेबलावर पालथा ठेवला, म्हणाले,
"एकशे पंचावन्न."
रेंजवर सराव चालू होता.
माझ्या बुरुजावरचा एक मावळा कलला
आणि खाली गेला.

हा मेला धरायचा की नाही?
नियमात तसं काही लिहिलेलं नाही.
एरवीही मेलेल्याला ते मेला म्हणत नाहीत.
बिस्किटाच्या डब्यात ठेवतात, अलगद, पाय खाली करून.
"रजेवर गेला," म्हणतात.
आपलाही, माझाही.

डाव मोडला, मोजणी झाली : एकोणसाठ.
मी म्हटलं, जाऊ द्या, पिशवीत पैशाला पासरी मिळतात.
तिदमे काही बोलले नाहीत.
गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस
फरशीवर पालथा झाला, मोबाईलची बत्ती लावून
कॉटखाली, कपाटामागे, चपलांच्या ढिगात.
चहा निवला. बाहेर अंधारलं. बायकोने दुसरा टाकला.

सापडला शिलाई मशीनच्या पायट्याखाली.
तोच, अर्ध्या पंजाचा. भाला तुटलेला,
गालावरचा रंग खरवडून
आतला हिरवा दिसत होता.
त्यांनी फुंकर मारून धूळ काढली,
चांगल्या कानाशी धरला उगाच,
मग माझ्या हातात दिला.

"टाचणी मी आणतो," म्हणाले,
"बुधवारी बाजारात जायचंच आहे."